बर्फ फोडायला अणुभट्टी कशाला?

माणसाच्या उंचीहून जाड बर्फ. दिसेल तिथवर पांढरा, मधे मधे दोन तक्ते एकमेकांवर आदळून उभ्या राहिलेल्या ओबडधोबड भिंती. त्यातून मालवाहू जहाजांसाठी वाट करत जायचं. रशियाच्या उत्तर किनाऱ्यावर हे काम रोजचं आहे, आणि ते करणाऱ्या नौकांमधल्या सगळ्यात नावाजलेल्या म्हणजे ‘आर्क्टिका’ वर्गाच्या अणुशक्तीवर चालणाऱ्या आइसब्रेकर नौका. १९७५ ते २००७ या काळात अशा सहा नौका कामावर रुजू झाल्या: आर्क्टिका, सिबिर, रोसिया, सोव्हेत्स्की सोयुझ, यामाल आणि ‘५० लेत पोबेदी’, म्हणजे ‘विजयाची ५० वर्षं’. सहाही नौका लेनिनग्राडच्या, म्हणजे आताच्या सेंट पीटर्सबर्गच्या, बाल्टिक गोदीत बांधल्या गेल्या.

शाळांमध्ये या विषयावर बोलायला गेलो की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘‘सर, अणुभट्टीच्या उष्णतेने बर्फ वितळवतात का?’’ प्रश्न अगदी रास्त आहे. ‘अणु’ आणि ‘बर्फ’ हे शब्द शेजारी आले की मनात हेच चित्र उभं राहतं. पण तसं होत नाही. बर्फ फुटतो तो जहाजाच्या वजनाने. अणुभट्टीचं काम वेगळंच आहे, आणि ते समजून घ्यायचं तर आधी बर्फ फुटतो कसा ते बघावं लागेल.

त्यासाठी स्वयंपाकघरात जाऊया. एक पसरट ताट घ्या, त्यात एक सेंटिमीटरभर पाणी घाला आणि फ्रीजरमध्ये रात्रभर ठेवा. सकाळी बर्फाची चकती निघेल. ती ओट्यावर उभी धरा आणि वरच्या कडेवर तळहाताने दाबा. कितीही जोर लावा, चकती दाद देत नाही, हात मात्र बधिर होतो. आता तीच चकती आडवी ठेवा, अर्धी ओट्यावर आणि अर्धी ओट्याच्या बाहेर. बाहेरच्या भागावर वरून दाबा. चारपाच किलोचा जोर पुरतो, कट् करून दोन तुकडे. चिक्कीचा तुकडा आपण वाकवूनच मोडतो ना, तसंच हे. बर्फ दाबाला भक्कम असतो, वाकवण्याला कच्चा.

प्रयोग तेवढ्यावर थांबवू नका. दुसऱ्या दिवशी दोन सेंटिमीटर जाडीची चकती करा. ती मोडायला दुप्पट नाही, जवळजवळ चौपट जोर लागतो. जाडी दुप्पट तर ताकद चौपट, जाडी तिप्पट तर ताकद नऊपट. अर्ध्या मीटरच्या बर्फातून सहज जाणारं जहाज दोन मीटरच्या बर्फापुढे का हतबल होतं, ते या एका नियमात आहे.

ही गोष्ट सेंट पीटर्सबर्गजवळच्या क्रोनश्टाट बंदरातल्या मिखाइल ब्रित्नेव्ह या व्यापाऱ्याने १८६४ साली ओळखली. त्याने ‘पायलट’ नावाच्या आपल्या लहानशा वाफेच्या बोटीचं नाक तिरपं कापून घेतलं. सरळ उभं नाक बर्फाला ढकलतं, म्हणजे बर्फाच्या बळकट बाजूशी झुंजतं. तिरपं नाक बर्फावर चढतं, आणि मग पुढचं काम बोटीचं वजन करतं. बर्फाचा तक्ता खाली वाकतो आणि मोडतो. पुढे अ‍ॅडमिरल स्टेपान माकारोव्ह यांच्या आग्रहावरून ‘येर्माक’ हे मोठं आइसब्रेकर जहाज इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला बांधलं गेलं आणि १८९९ मध्ये बर्फात उतरलं. तेही याच तत्त्वावर. आजतागायत तत्त्व बदललेलं नाही.

आता ‘आर्क्टिका’ वर्गाची नौका डोळ्यांसमोर आणा. लांबी सुमारे १५० मीटर, रुंदी ३० मीटर, वजन २३,००० टनांच्या आसपास. नाक तिरपं. पाण्याच्या रेषेजवळ जिथे बर्फ सतत घासतो, तिथे पोलादाचा जाड पट्टा. आतून दुसरं कवच, आणि दोन्हींच्या मधल्या जागेत पाण्याच्या टाक्या. जहाज बर्फात रुतलं तर या टाक्यांमधलं पाणी इकडून तिकडे खेळवून जहाज डोलवतात आणि सोडवून घेतात. गाडी चिखलात रुतली की आपण ती मागेपुढे हेलकावतो, तसं. शिवाय पाण्याखालच्या भोकांमधून हवेचे बुडबुडे सोडतात. त्यामुळे बर्फ आणि पोलाद यांच्यात पाण्याचा पातळ थर राहतो आणि घर्षण कमी होतं. बर्फातल्या प्रवासात फोडण्याबरोबरच बरीच ताकद नुसत्या घासण्यावरही खर्च होते, हे बाहेरच्यांना फारसं ठाऊक नसतं.

या सगळ्यात मला सगळ्यात थक्क करणारा भाग वाटतो तो मागचा, म्हणजे जहाजाला पुढे ढकलणारे पाण्याखालचे पंखे. तीन पंखे, प्रत्येकाला चार पाती, आणि एकेक पातं सुमारे सात टन वजनाचं. म्हणजे दोन मोठ्या हत्तींच्या वजनाचं एक पातं. फुटलेले बर्फाचे ठोकळे तळाखालून घरंगळत मागे येतात आणि या पात्यांवर आदळतात. कधी ना कधी एखादं पातं मोडणारच. त्यामुळे पाती वेगवेगळी बोल्टने बसवलेली असतात, जादा पाती जहाजावरच ठेवतात, आणि वेळ आली तर भर समुद्रात पाणबुडे खाली उतरतात. शून्याखालच्या पाण्यात, डोक्यावर बर्फ, समोर सात टनांचं लोखंड क्रेनच्या दोरावर लोंबकळतंय, आणि ते बोल्टच्या भोकांवर अचूक बसवायचं आहे. अणुभट्टीबद्दल पानंच्या पानं लिहिली जातात, या पाणबुड्यांबद्दल फार कमी.

आता मूळ प्रश्नाकडे. वजन बर्फ फोडतं, तर अणुभट्टी कशाला?

कारण ते वजन बर्फावर सतत चढवत राहायला प्रचंड ताकद लागते. ‘आर्क्टिका’ वर्गाच्या नौकेची ताकद ७५,००० अश्वशक्ती, म्हणजे साधारण ५५ मेगावॉट. तेवढी ताकद डिझेल इंजिनांतून काढायची म्हटलं तर पूर्ण जोरावर एका दिवसात अडीचशे टनांच्या वर डिझेल जळेल. हा मी साध्या गुणाकाराने काढलेला अंदाज आहे. चांगलं डिझेल इंजिन एका युनिटमागे २०० ग्रॅमच्या आसपास इंधन खातं, त्यावरून. रोज अडीचशे टन म्हणजे डझनभर टँकर. महिन्याभराचा मुक्काम असेल तर साडेसात हजार टन. एवढं इंधन पोटात घेऊन जहाज फिरणार, ते संपत आलं की काम अर्धवट टाकून शेकडो मैल मागे फिरणार, आणि ज्या बंदरात भरायचं तिथेही ते इंधन कोणीतरी बर्फातूनच पोचवलेलं असणार. आणखी एक अडचण अशी की इंधन जळत जातं तसं जहाज हलकं होतं, आणि आपण पाहिलं की इथे वजन हेच हत्यार आहे.

आता युरेनियमचा हिशोब बघा. एक ग्रॅम युरेनियम-२३५ पूर्णपणे फुटलं तर जवळजवळ एक मेगावॉट उष्णता पूर्ण दिवसभर मिळते. तेवढ्याच उष्णतेसाठी सुमारे दोन टन डिझेल जाळावं लागतं. एक ग्रॅम विरुद्ध दोन टन. नौकेवर दोन अणुभट्ट्या असतात, प्रत्येकी १७१ मेगावॉट उष्णतेच्या. दोन्ही दिवसभर पूर्ण जोरावर चालल्या तरी फुटणारं युरेनियम अर्ध्या किलोच्या आतच राहतं. एकदा इंधन भरलं की चारपाच वर्षं बघायला नको.

म्हणजे अणुशक्तीने या जहाजाला दिलेली मोठी देणगी ताकदीची नाही, वेळेची आहे. परत फिरायची गरजच उरत नाही. या वर्गातली पहिली नौका ‘आर्क्टिका’ १९९९-२००० मध्ये बंदराला न लागता सलग एक वर्ष समुद्रात राहिली. तिच्या बाबतीत आधी संपतात ते खलाशांचे बटाटे, इंधन नव्हे.

भट्टीपासून पंख्यापर्यंतचा प्रवास असा. भट्टीत अणू फुटतात, त्याची उष्णता भोवतालच्या पाण्यात जाते. हे पाणी प्रचंड दाबाखाली ठेवलेलं असतं, त्यामुळे तीनशे अंशांच्या घरात जाऊनही ते उकळत नाही. प्रेशर कुकरमध्ये पाणी शंभराच्या पुढे तापतं, त्याची ही टोकाची आवृत्ती. हे तापलेलं पाणी नळ्यांमधून जातं आणि नळ्यांबाहेरच्या वेगळ्या पाण्याची वाफ करतं. दोन्ही पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, म्हणून वाफेत किरणोत्सार येत नाही. वाफ टर्बाइन फिरवते, टर्बाइन जनित्र फिरवतं, आणि जनित्राची वीज पंख्यांच्या मोटरींना जाते.

टर्बाइन थेट पंख्यालाच का जोडत नाहीत? कारण बर्फ. पात्यात अचानक मोठा ठोकळा अडकला की पंखा थबकतो. तो झटका थेट टर्बाइनपर्यंत गेला तर टर्बाइनचं भयंकर नुकसान होईल. मोटर तो झटका सोसते, हळू फिरतानाही पूर्ण जोर लावते, आणि क्षणात उलटी फिरवता येते. बर्फात पुढे-मागे, पुढे-मागे असं तासन् तास करावं लागतं, तेव्हा हेच हवं.

आकड्यांमध्ये एक घोळ नेहमी होतो, तो इथेच सोडवतो. आपल्या तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या, १९६९ पासूनच्या, प्रत्येकी १६० मेगावॉटच्या म्हणून ओळखल्या जातात. जहाजावरची भट्टी १७१ मेगावॉटची. मग जहाजावरची मोठी झाली का? नाही. तारापूरचा आकडा विजेचा आहे, जहाजाचा उष्णतेचा. उष्णतेतून वीज करताना साधारण दोनतृतीयांश किंवा त्याहून जास्त उष्णता वाया जाते. तारापूरच्या भट्टीची उष्णता त्या हिशोबाने जहाजाच्या भट्टीच्या तिपटीच्या आसपास जाते. अर्थात तारापूरच्या जवळजवळ एकतृतीयांश ताकदीची भट्टी हलत्या, आदळत्या जहाजात बसवायची, आणि तीही एक सोडून दोन, हे काही कमी नाही. जागा थोडी असल्यामुळे त्यात युरेनियमही जमिनीवरच्या केंद्रांपेक्षा बरंच जास्त समृद्ध, म्हणजे युरेनियम-२३५ चं प्रमाण जास्त असलेलं, वापरलं जातं.

वाया जाणारी ती उष्णता कुठेतरी सोडावी लागते. टर्बाइनमधून बाहेर पडलेली वाफ थंड करून पुन्हा पाणी करायची, तर त्यासाठी समुद्राचं पाणी घेतात. आणि ‘आर्क्टिका’ वर्गाची सगळी आखणी ध्रुवाजवळच्या गोठणबिंदूला टेकलेल्या पाण्यासाठी केलेली आहे. अरबी समुद्राचं पाणी २८-३० अंशांचं. म्हणून या नौका विषुववृत्त ओलांडून दक्षिणेला अंटार्क्टिकाला जात नाहीत, मुंबईला येण्याचा तर प्रश्नच नाही. अणुभट्टीला उष्ण समुद्र सोसत नाही असा याचा अर्थ काढू नका. आपली अणुशक्तीवर चालणारी अरिहंत पाणबुडी उष्ण पाण्यातच वावरते. प्रश्न आखणीचा आहे. आपल्या अंटार्क्टिक मोहिमा गोव्यात वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून आखल्या जातात, आणि त्यांच्यासाठी ‘वासिली गोलोव्हनिन’सारखी बर्फात चालणारी परदेशी जहाजं भाड्याने घेतात. ती डिझेलवरची असतात, त्याचं एक कारण हेही आहे: दक्षिण ध्रुवाकडे जायचं तर वाटेत उष्ण कटिबंध लागणारच.

ही तंत्रविद्या फुकट मिळालेली नाही. जगातली पहिली अणुशक्तीवर चालणारी आइसब्रेकर नौका ‘लेनिन’ १९५९ मध्ये कामावर आली. पृष्ठभागावर चालणारं पहिलं अणुजहाजही तेच. तिच्यात सुरुवातीला तीन भट्ट्या होत्या. १९६५ मध्ये इंधन बदलण्याच्या तयारीत असताना एका भट्टीतलं थंड ठेवणारं पाणी निघून गेलं आणि इंधनाचं मोठं नुकसान झालं. दोन वर्षांनी थंड पाण्याच्या वाहिनीत गळती झाली. ती शोधण्यासाठी भट्टीभोवतीचं काँक्रीट आणि धातूचं कवच फोडलं, आणि ते कवच पुन्हा नीट करणं शक्य झालं नाही. शेवटी अख्खा भट्टीचा कप्पाच कापून काढला आणि नोव्हाया झेम्ल्या बेटांजवळ समुद्रात बुडवला. १९७० पर्यंत दोन नव्या प्रकारच्या भट्ट्या बसवून ‘लेनिन’ पुन्हा कामाला लागली आणि १९८९ पर्यंत चालली. आज ती मुर्मान्स्कच्या धक्क्यावर संग्रहालय म्हणून उभी आहे. ‘आर्क्टिका’ वर्गातल्या भट्ट्या या दुसऱ्या जोडीच्याच सुधारित बहिणी. अणुजहाजांचं कौतुक करताना समुद्राच्या तळाशी पडलेला तो कप्पाही सांगायला हवा असं मला मनापासून वाटतं. त्याशिवाय हिशोब पुरा होत नाही.

‘आर्क्टिका’ १९७५ मध्ये सेवेत आली आणि दोनच वर्षांत, १७ ऑगस्ट १९७७ रोजी, कॅप्टन युरी कुचिएव्ह यांच्या नेतृत्वाखाली थेट उत्तर ध्रुवावर पोचली. पाण्याच्या पृष्ठभागावरून ध्रुव गाठणारं जगातलं पहिलं जहाज. त्याआधी पाणबुड्या बर्फाखालून गेल्या होत्या, विमानं वरून गेली होती, माणसं कुत्र्यांच्या गाड्यांवरून गेली होती. पण बर्फ फोडत फोडत कोणी गेलं नव्हतं. कुचिएव्ह मूळचे कॉकेशसच्या डोंगराळ ओसेतियातले, समुद्रापासून दूरच्या मुलखातले. पुढच्या काळात याच वर्गाच्या ‘यामाल’ आणि ‘५० लेत पोबेदी’ उन्हाळ्यात हौशी प्रवाशांना ध्रुवावर नेऊ लागल्या. ‘यामाल’च्या नाकावर रंगवलेले शार्कचे दात तुम्ही कुठल्यातरी फोटोत पाहिले असतील; १९९४ मध्ये मुलांच्या सफरीसाठी ते रंगवले, आणि मग तसेच राहिले.

पण ध्रुव ही शोभा. खरं काम किनाऱ्यालगतच्या उत्तर सागरी मार्गावर. कारा सामुद्रधुनीपासून बेरिंग सामुद्रधुनीपर्यंत ५,६०० किलोमीटर. नोरिल्स्कच्या खाणींमधलं निकेल आणि तांबं येनिसे नदीवरच्या दुदिन्का बंदरातून बाहेर पडतं, आणि मुर्मान्स्क ते दुदिन्का ही वाट १९७८ च्या सुमारास बारमाही झाली ती अणुनौकांमुळे. त्याआधी हिवाळा आला की मार्ग बंद. नदीच्या मुखाशी पाणी उथळ असल्यामुळे मोठी ‘आर्क्टिका’ आत जाऊ शकत नाही. त्यासाठी ‘ताय्मिर’ आणि ‘वायगाच’ या कमी खोलीच्या दोन वेगळ्या अणुनौका फिनलंडमध्ये बांधून घेतल्या आणि भट्ट्या लेनिनग्राडला बसवल्या.

ताफा चालतो कसा, तेही बघण्यासारखं आहे. पुढे आइसब्रेकर, मागे तिने केलेल्या वाटेत मालवाहू जहाजं. अंतर फार ठेवलं तर मधली वाट पुन्हा मिटते. कमी ठेवलं तर पुढची नौका बर्फाच्या भिंतीवर थबकली की मागचं जहाज तिच्यावर आदळणार. भरलेलं जहाज काही ब्रेक लावून थांबत नाही. बर्फ फारच दाटला तर वेगळी युक्ती. आइसब्रेकरच्या मागच्या टोकाला इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराची खाच असते. मालवाहू जहाजाचं नाक दोरखंडांनी ओढून त्या खाचेत घट्ट बसवतात आणि दोन्ही जहाजं एकजीव होऊन पुढे सरकतात.

इंधनाची चिंता नाही, पाती बदलता येतात, मग ही नौका कायमच चालेल का? नाही. भट्टीचं जे जाड पोलादी भांडं असतं, ते बदलता येत नाही. अणू फुटताना उडणाऱ्या न्यूट्रॉन कणांचा वर्षानुवर्षं मारा खाऊन त्याचं पोलाद ठिसूळ होत जातं. म्हणून नौकेचं वय वर्षांत मोजण्यापेक्षा भट्टी किती तास चालली त्यावर मोजतात. ‘आर्क्टिका’ची मूळ मर्यादा एक लाख तासांची होती. तपासण्या करून करून ती वाढवत नेली, आणि पावणेदोन लाख तासांच्या पुढे जाऊन २००८ मध्ये ती थांबली. वर्गातल्या सिबिर, रोसिया आणि सोव्हेत्स्की सोयुझ याही निवृत्त झाल्या.

त्यांची जागा घेणारा नवा वर्ग ‘प्रकल्प २२२२०’ म्हणून ओळखला जातो. लांबी १७३ मीटर, रुंदी ३४ मीटर, वजन ३३,५०० टन, दोन भट्ट्या प्रत्येकी १७५ मेगावॉट उष्णतेच्या, पंख्यांवर ६० मेगावॉट. सुमारे तीन मीटरचा बर्फ फोडायची क्षमता. इंधनभरणी साधारण सात वर्षांनी, आणि युरेनियम आता २० टक्क्यांहून कमी समृद्धीचं. मला यातली सगळ्यात देखणी कल्पना वाटते ती टाक्यांची. समुद्राचं पाणी भरून घेतलं की नौका साडेदहा मीटर खोल बसते आणि खोल समुद्रात जड होऊन बर्फ फोडते. पाणी सोडून दिलं की दोनेक मीटर वर येते आणि नदीच्या उथळ मुखात शिरते. आधी ज्या कामाला दोन वेगळ्या प्रकारच्या नौका लागत, ते एकीत बसलं.

नव्या वर्गातल्या पहिल्या नौकेलाही नाव दिलं ‘आर्क्टिका’. २०२० च्या फेब्रुवारीत चाचण्या चालू असताना तिच्या उजव्या पंख्याची मोटर बिघडली. जहाज गोदीत नेऊन मोटर बदलायला फार वेळ गेला असता. म्हणून ६० ऐवजी ५० मेगावॉटवरच ती सप्टेंबरमध्ये सेंट पीटर्सबर्गहून निघाली, आणि ३ ऑक्टोबर २०२० रोजी उत्तर ध्रुवावर पोचून मग मुर्मान्स्कला गेली.